लातूरच्या एका दुकानातला ‘पुरस्कारप्राप्त’ रॅक

लातूरला गंजगोलाईतून जे रस्ते फुटतात, त्यातल्या एकावर पुस्तकांचं एक जुनं दुकान आहे. दर्शनी भागात सगळं नीट-जेईईचं: एमसीक्यूचे ठोकळे, मागच्या वर्षांचे पेपर, लाँगबुकांचे गठ्ठे. लातूर पॅटर्नच्या गावात दुकान चालवायचं तर दुसरं काय विकणार! पण यंदा शाळा उघडायच्या सुमाराला मालकांनी मागच्या भिंतीला बालसाहित्याचा आख्खा रॅक लावला अन् वर फ्लेक्सची पट्टी डकवली, ‘पुरस्कारप्राप्त पुस्तके – मुलांसाठी’. शिवाय दहा पुस्तकांचा एक संच केला, प्लास्टिकमध्ये बांधून. छापील किंमत सोळाशेच्या घरात जाते, वाचनालयाला वीस टक्के सोडतात. मी तो संच घेतला, पुढं काही सुटी पुस्तकंही घेतली, अन् पावसाळाभर ती लेकरांच्या हातांत फिरू दिली. दुकानाचं नाव घालत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, अन् माणूस चांगला आहे.

मी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीतलं सगळ्यात लहान, वाचनालय सांभाळते. भूकंपानंतर वसलेलं गाव. समाजमंदिराला लागून एक खोली, लोखंडी कपाटं, एक सतरंजी. अनुदानाचा हप्ता यायचा तेव्हा येतो, अन् त्यातून बालविभागाला किती द्यायचं यावर समितीच्या बैठकीत दरवर्षी तेच दळण. आमचे अध्यक्ष दरवर्षी एकच सांगतात, “बाई, पुरस्कारवालीच घ्या. म्हंजे तपासणीला कुणी बोलणार नाही.” त्यांचं चुकतं असंही नाही. स्वतः न वाचता पुस्तक विकत घेणाऱ्याला कुणाचा तरी भरवसा लागतोच. दुकानदारानंही हेच ओळखून रॅक लावलाय. माझा सगळा सवाल एवढाच, की हा भरवसा नेमका कुणाचा आहे, हे त्या रॅकवरून कळतं का?

नाही कळत. कारण मालकांनी स्वतःच सोनेरी गोल स्टिकर छापून घेतलेत. त्यावर ‘पुरस्कारप्राप्त’ एवढंच. कुठला पुरस्कार, कधीचा, कशासाठी, काही नाही. अन् सगळ्यांना तोच शिक्का. साहित्य अकादमीचं पुस्तक असो, राज्य शासनाचं असो, की कुठल्या तरी प्रतिष्ठाननं प्रवेशशुल्क अन् चार प्रती मागवून दिलेलं स्मृतिचिन्ह असो, रॅकवर सगळे एका पंगतीला. मी एकदा मालकांना विचारलं, ह्या पुस्तकाला कशाचा मिळाला हो? त्यांनी मलपृष्ठ उलटून लेखकाचा परिचय वाचून दाखवला, ‘विविध पुरस्कारांनी सन्मानित’. म्हणजे लेखक सन्मानित. हे पुस्तक त्यातलं आहे का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ह्यात एक बारीक गोष्ट आहे, ती खरेदी करणाऱ्यांनी समजून घ्यावी. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला. चोवीस भाषांत दिला जातो, पन्नास हजार रुपये अन् ताम्रपट. मराठीतला पहिला अनिल अवचटांना ‘सृष्टीत... गोष्टीत’साठी, दुसऱ्या वर्षी दिलीप प्रभावळकरांना ‘बोक्या सातबंडे’साठी. हे झाले पुस्तकाला मिळालेले. पण काही वर्षी तो लेखकाच्या एकूण कामगिरीला देतात. रत्नाकर मतकरींना २०१८ साली असाच मिळाला, समग्र बालसाहित्यातल्या योगदानासाठी. आता मतकरींच्या प्रत्येक पुस्तकावर तो गोल शिक्का लावायचा का? दुकानात लावलाय. मतकरींचं पुस्तक घेऊन कुणी फसेल असं मी म्हणत नाही, त्यांची बालनाट्यं आमच्या गॅदरिंगला अजून होतात. पण हीच युक्ती दुसऱ्या नावांबरोबरही चालते. एखाद्यानं चाळीस पुस्तकं लिहिली, एकाला बक्षीस मिळालं, की उरलेल्या एकोणचाळिसांवरही सोनं चढतं.

त्याहून मोठा घोळ ‘युवा’चा. रॅकच्या वरच्या कप्प्यावर चिठ्ठी आहे, ‘कुमार व युवा, ८वी ते १२वी’. तिथं साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची पुस्तकं लावलीत. हा पुरस्कार २०११ पासून आहे अन् तो पस्तीस वर्षांच्या आतल्या लेखकाला मिळतो. वयाची अट लिहिणाऱ्याला आहे, वाचणाऱ्याला नाही. त्या पुस्तकांत मोठ्यांच्या कविता असतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या असतात, समीक्षासुद्धा असू शकते. मी मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “ताई, युवा म्हंजे पोरंच की.” मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “बरं, पुढच्या टायमाला बघू.” अजून चिठ्ठी तशीच आहे.

ह्या घोळातून एक काम मात्र बरं झालं. २०२४ चा मराठीचा युवा पुरस्कार देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ कादंबरीला आहे. तुळजापूरचा लेखक, शिवणकाम करत लिहिता झालेला, अन् कादंबरीही शिंप्याच्या धंद्यावरची, रेडिमेडच्या लाटेत मागं पडत चाललेल्या. आमच्या गावचा बारावीतला एक पोरगा माझ्यासोबत पिशव्या उचलायला आला होता. त्यानं ती उचलली ती निव्वळ तुळजापूरचं नाव बघून. नवरात्रात गावातले निम्मे लोक चालत जातात तिथं. तिथला माणूस पुस्तक लिहितो, हे त्याला नवल वाटलं. घरी नेली, वाचली, परत आणून दिली, अन् “अजून आहे का ह्याचं?” म्हणाला. हा पोरगा गाईडशिवाय काही वाचत नसे. तरीही कप्प्यावरची चिठ्ठी चूकच आहे. आठवीच्या लेकराला नुसता शिक्का बघून कुणी हे पुस्तक घेऊन दिलं, तर ते चार पानांत ठेवून देईल अन् पुस्तकं कंटाळवाणी असतात हे पक्कं करून बसेल.

तसं पाहिलं तर आपल्याकडं तेरा ते सतरा वयाच्या वाचकाला कुणी विचारतच नाही. अमेरिकेत ग्रंथपालांची संघटना २००० सालापासून खास ह्या वयासाठी मायकेल प्रिन्ट्झ पुरस्कार देते, बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी. ज्याच्या नावानं देतात तो माणूस कॅन्ससमधल्या टोपेका गावचा शाळेचा ग्रंथपाल. हे वाचलं तेव्हा मला लई बरं वाटलं होतं, खोटं कामून बोलू! आमच्या नावानं कुणी कपाटसुद्धा देत नाही. मराठीत कुमारांसाठी लिहिणारे आहेत, पण बालसाहित्याच्या पुरस्कारात सगळे एकाच पोत्यात: बडबडगीतही तिथंच अन् रहस्यकथाही तिथंच. दहावी झाली की आमची हुशार लेकरं लातूरला होस्टेलला जातात. ती ह्या दुकानात येतातही, पण पुढच्या भागातच. मागच्या रॅकपर्यंत येते ती एखादीच. एक मुलगी मला दिसायची, दोन बॅचच्या मधल्या वेळात पाठीवर सॅक तशीच ठेवून उभ्यानं वाचणारी. मालक तिला हटकत नाहीत. हा दुकानाचा मोठा गुण आहे अन् मी तो ठळक लिहिते. पुस्तक उघडू देतात, स्टूल देतात, उन्हाळ्यात माठातलं पाणी देतात. लातूरच्या पाण्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना ह्याची किंमत कळेल.

संचाचं मात्र उघडता येत नाही. आत काय आहे याची यादीही वर चिकटवलेली नाही. घरी आणून फोडला तेव्हा दहातली सहा पुस्तकं खरोखर चांगली निघाली, दोन ठीक, अन् दोन अशी की ज्यांच्यावर कशासाठी शिक्का आहे ते मला शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही. एकात तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आजोबा येऊन व्यायामाचं, नाहीतर स्वच्छतेचं महत्त्व सांगतात. आमच्या सतरंजीवरच्या एका चौथीतल्या बाईसाहेबांनी ते अर्ध्यात मिटलं अन् मला म्हणाल्या, “ह्यातले आजोबा लई बोलतात.” मी त्यावर वेगळा अभिप्राय लिहीत बसत नाही.

चांगल्यांबद्दल मात्र सांगते. ‘बोक्या सातबंडे’ आमच्याकडं कधी कपाटात राहतच नाही. देवघेव वहीत त्याच्यासमोर नावांची रांग. पुरस्कार नसता तरी त्याची हीच गत झाली असती. अवचटांचं पुस्तक लहानांना मी मोठ्यानं वाचून दाखवते. लिहिणाऱ्यानं समोर लेकरू बसवूनच लिहिलंय असं ते वाचताना वाटतं. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२२ ची विजेती, सहावी-सातवीच्या मुलींनी एकमेकींच्या घरी परस्पर फिरवली. वहीत नोंद एकीच्या नावावर अन् पुस्तक तिसरीच्या दप्तरात. भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ हे २०२४ चं. सासणे उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२२ साली, आपल्याच जिल्ह्यात; मी तेव्हा त्यांचं भाषण मांडवाच्या पार मागून ऐकलं होतं. पण पोरांना संमेलनाचं काय! त्यांनी ‘भूतबंगला’ हा शब्द पाहिला अन् झोंबाझोंबी झाली.

अन् नांदेडचे डॉ. सुरेश सावंत. २०२५ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांच्या ‘आभाळमाया’ ह्या कवितासंग्रहाला मिळाला. मराठवाड्यातल्या कवीचं पुस्तक, तेही लेकरांच्या कवितांचं. मला वाटलं लातूरच्या दुकानात ते पहिल्या कप्प्यात असेल. ते संचात नव्हतं, रॅकवरही नव्हतं. मालक म्हणाले, मागवून देतो; अन् आठवड्याभरात मागवून दिलं, फोन करून कळवलंही. वरचा खर्च लावला नाही. कवितांचं पुस्तक शांत बसून वाचणारी लेकरं थोडी, म्हणून मी एकेक कविता फळ्यावर लिहून ठेवते. जाता-येता वाचतात, चालीवर म्हणतात, नंतर पुस्तक मागतात.

आता रॅकच्या खालच्या कप्प्याविषयी. तिथं शिक्का नसलेली पुस्तकं आहेत, त्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ना. धो. ताम्हणकरांचा गोट्या आहे. गंमत बघा, राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाच्या वेगवेगळ्या प्रकारांना नावं दिलीत ती अशी: कवितेला बालकवी, कादंबरीला साने गुरुजी, शिवाय भा. रा. भागवत, राजा मंगळवेढेकर, यदुनाथ थत्ते, ना. धो. ताम्हणकर. म्हणजे फेणे अन् गोट्या ज्यांनी लिहिले त्यांच्या नावानं बक्षीस मिळवलेलं पुस्तक वरच्या कप्प्यात सोनेरी शिक्क्यासह, अन् खुद्द फेणे-गोट्या खाली, धुळीच्या बाजूला. मालकांचा दोष नाही, त्यांच्या पट्टीवर ‘पुरस्कारप्राप्त’ लिहिलंय अन् ही पुस्तकं त्यात बसत नाहीत. पण नवीन पालक वाकून खाली बघत नाही.

पैशाचंही सांगून टाकते, कारण लेखकांविषयी लोकांचे भलते समज असतात. अकादमीचा मोठ्यांच्या साहित्याचा पुरस्कार एक लाखाचा, लेकरांचा पन्नास हजारांचा. राज्य शासनाकडंही प्रौढ वाङ्मयाला एक लाख अन् बालवाङ्मयाला पन्नास हजार. एसटीत जसं लेकराला हाफ तिकीट, तसं लेकरांसाठी लिहिणाऱ्यालाही हाफ. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडग्रेन ह्या तिथल्या बालसाहित्यिकेच्या नावानं दिला जाणारा पुरस्कार पन्नास लाख क्रोनरचा आहे, अन् तो फक्त बालसाहित्याचा. तिथं बालसाहित्यिक होणं म्हणजे निवृत्तीनंतरचा विरंगुळा नसावा.

मला सगळ्यात जास्त राग आला तो शिक्क्याच्या जागेचा. मुखपृष्ठाच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्टिकर चिकटवलाय, अन् बऱ्याच पुस्तकांवर नेमकं तिथंच चित्रकाराचं नाव असतं. एका पुस्तकाचा स्टिकर मी नखानं काढायला गेले तर खालचा रंगच निघून आला. आपल्याकडं चित्रकाराला आधीच कोण विचारतं? अकादमीचा पुरस्कार लेखकाचा. चित्रं काढणाऱ्याला त्यात जागा नाही. बाहेर असं नाही. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९५६ साली लेखकांसाठी सुरू झाला अन् १९६६ पासून चित्रकारांनाही वेगळा दिला जातो. अमेरिकेत कॅल्डिकॉट पदक १९३८ पासून फक्त चित्रांसाठी आहे. अन् आपल्याकडंही टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमानं २०१६ साली बिग लिटल बुक अवॉर्ड सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी लेखकाबरोबर चित्रकारालाही दिला. लेखिका होत्या आपल्या माधुरी पुरंदरे, ज्या स्वतः चित्रंही काढतात. चित्रकार अतनु रॉय. पहिली-दुसरीचं लेकरू आधी चित्र वाचतं, अक्षर नंतर. त्याच्या पुस्तकावरचं चित्रकाराचं नाव झाकून वर ‘पुरस्कारप्राप्त’ चिकटवायचं, हे मला पटलं नाही. मालकांना सांगितलं. “वर डाव्या कोपऱ्यात लावा की मग,” म्हटलं. नवीन मालावर आता डावीकडं लावतात. एवढं ऐकलं त्यांनी.

रॅकच्या कडेला इंग्रजीचा एक उभा कप्पा आहे, सीबीएसईच्या लेकरांसाठी. तिथं शिक्के मूळ प्रकाशकांचे आहेत, त्यामुळं फसवणूक कमी, पण समज तेवढीच कमी. न्यूबेरी पदक १९२२ पासूनचं, अमेरिकी ग्रंथपाल देतात, अन् अमेरिकेच्या नागरिकाला किंवा तिथं राहणाऱ्यालाच मिळतं. सोनेरी शिक्का म्हणजे विजेतं, चंदेरी म्हणजे ‘ऑनर’, शेवटच्या निवडीतलं. दुकानात चंदेरीलाही ‘पहिलं बक्षीस’ सांगून विकतात. मी उभी असताना एका पालकाला सांगितलंही. चंदेरी पुस्तकं कमी दर्जाची असतात असं नाही, बरीचशी सोनेरीपेक्षा सरसही निघतात. पण खरं ते सांगावं. ह्या पदकाच्या यादीत एक आपला माणूस आहे हे दुकानात कुणाला माहीत नव्हतं: धनगोपाल मुखर्जी, कलकत्त्याच्या कबुतराची गोष्ट, १९२८. मी सांगितल्यावर मालकांनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणून म्हणते, माणूस चांगला आहे.

हे सगळे पुरस्कार ठरवतात मोठी माणसं, हे उघड आहे, अन् त्यात गैर काही नाही. लेकरांनी अजून न पाहिलेलं त्यांच्यापुढं ठेवायला मोठं माणूस लागतं. पण जर्मनीत १९५६ पासून सरकारी पैशातून युवासाहित्याचा जो पुरस्कार देतात, त्यात २००३ पासून मुलांची एक वेगळी परीक्षक मंडळी बसते अन् आपलं पुस्तक स्वतः निवडते. इंग्लंडमध्ये १९८० पासून लेकरांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार आहे. मी मालकांना सुचवलं, रॅकजवळ एक वही ठेवा, वाचलेल्या लेकरांनी त्यात लिहावं, अन् त्यावरून एक कप्पा लावा. ते हसले. “लेकरं लिहिणार अन् बाप वाचून म्हणणार, हे नको, ते बक्षीसवालं द्या.” त्यांना धंदा माझ्यापेक्षा जास्त कळतो. ती वही मग मी माझ्या वाचनालयातच ठेवली. त्यात शिव्याही आहेत.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. बसून वाचू देणं, मागवून देणं, सवलत याबद्दल पूर्ण गुण. शिक्के अन् बंद संच याबद्दल वजा. संच घेऊ नका. सुटी पुस्तकं उघडून, दोन-चार पानं वाचून घ्या, अन् शिक्का दिसला तर पुरस्काराचं नाव, साल अन् तो ह्याच पुस्तकाला आहे का, हे विचारा. मालक चिडत नाहीत. मुखपृष्ठ फाटलेलं निघालं तर बदलून देतात, संचातलं असलं तर नाही. दुपारी जा, कोचिंगच्या बॅचा सुरू असतात तेव्हा दुकान मोकळं असतं. संध्याकाळी सहानंतर पुढच्या काउंटरवरूनच परत यावं लागेल. वाचनालयासाठी घेत असाल तर बिल पक्कं घ्या, प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक अन् किंमत लिहून. न सांगितलं तर ते ‘पुस्तक संच, १ नग’ असं लिहून मोकळे होतात, अन् तसल्या बिलावर परिग्रहण नोंदवहीत, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं चढवतात त्या वहीत, नोंद घेता येत नाही.